नाही म्हणण्याची मुभा : भूतान आणि मालदीव यांना अनावृत पत्र

प्रिय भूतान, प्रिय मालदीव,

दरवर्षी १ फेब्रुवारीला आमचा अर्थसंकल्प मांडला जातो. त्यात परराष्ट्र मंत्रालयाच्या तरतुदींखाली एक लहानसं कोष्टक असतं. कोणत्या देशाला किती मदत द्यायची, ते त्यात लिहिलेलं असतं. २०२५-२६ च्या कोष्टकात भूतानच्या नावासमोर २,१५० कोटी रुपये होते आणि मालदीवच्या नावासमोर ६०० कोटी. त्या दोन ओळी वाचून आमच्याकडे जी चर्चा होते, ती तुमच्या कानावर येतच असेल. 'आपले रस्ते आधी नीट करा' इथपासून 'एवढं देऊनही हे आपल्याशी असे वागतात' इथपर्यंत. मी कर भरणारी एक साधी नागरिक आहे. माझ्या नावाने तुम्हाला जे दिलं जातं त्याबद्दल मला तुमच्याशीच थेट बोलायचं आहे.

तुम्हाला एकाच पत्रात लिहिण्याचं कारण हे की तुम्ही एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहात. एकाच्या चारी बाजूंनी जमीन, दुसऱ्याच्या चारी बाजूंनी पाणी. एकाकडे साडेसात हजार मीटरची शिखरं, तर दुसऱ्याची सगळ्यात उंच नैसर्गिक जागा जेमतेम अडीच मीटर. लोकसंख्या मात्र दोघांचीही आमच्या एखाद्या मध्यम शहराएवढी: भूतानची २०१७ च्या जनगणनेत सुमारे ७ लाख २७ हजार, मालदीवची २०२२ मध्ये, परदेशी कामगार धरून, ५ लाख १५ हजार. हे आकडे धरून कोष्टकातली मदत माणशी वाटली, तर भूतानला वर्षाला साधारण २९ हजार रुपये पडतात आणि मालदीवला साडेअकरा हजारांच्या आसपास.

इथे थांबलं तर तुलना संपते. आमच्याकडचे बहुतेक लेख इथेच थांबतात. पण हे दोन आकडे एका जातीचे नाहीत. भूतानच्या रकमेत अनुदानाबरोबर जलविद्युत प्रकल्पांची कर्जंही असतात. मालदीवला दिलेला सगळ्यात मोठा पैसा तर या कोष्टकात दिसतच नाही. तो एक्झिम बँकेच्या कर्जमर्यादेतून जातो, रिझर्व्ह बँकेच्या चलन-अदलाबदलीतून जातो, स्टेट बँकेने घेतलेल्या तुमच्या ट्रेझरी बिलांतून जातो. या तिन्ही संस्थांची मुख्यालयं मुंबईत आहेत. त्या पैशातून मालेच्या समुद्रात उभे राहणारे पुलाचे खांब आणि आमचं दक्षिण मुंबई यांचं नातं असं जवळचं आहे.

म्हणून किती दिलं हा प्रश्न मी दुय्यम मानते. मला विचारायचं आहे ते असं: मदत आल्यानंतर तुमची 'नाही' म्हणण्याची ताकद वाढली की कमी झाली? देणाऱ्यालाच एखाद्या दिवशी 'नाही' म्हणायची वेळ आली तर तुम्हाला ते परवडेल का? दोन देशांना मिळालेल्या मदतीची तुलना करायला याहून चांगली मोजपट्टी मला सापडलेली नाही.

भूतान, तुमच्यापासून सुरुवात करते.

१९५८ मध्ये आमचे पंतप्रधान जवाहरलाल नेहरू पारोला आले, तेव्हा भारतातून तुमच्याकडे मोटारीने जाईल असा रस्ताच नव्हता. नथू ला ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, घोड्यांवरून आणि याकवरून ते तुमच्यापर्यंत पोचले. इंदिरा गांधी बरोबर होत्या. पारोच्या भाषणात नेहरूंनी सांगितलं की भूतानने स्वतंत्र राहावं आणि आपली जगण्याची वाट आपणच निवडावी. पुढच्याच वर्षी तिबेटमधला उठाव चिरडला गेला आणि तुम्ही उत्तरेकडची सीमा बंद केली. शेकडो वर्षांचा व्यापार ज्या दिशेने चालला होता ती दिशाच मिटली. १९६१ मध्ये आमच्या सीमा रस्ते संघटनेचा 'दंतक' प्रकल्प आला आणि फुंत्शोलिंगहून थिंफूपर्यंत, सुमारे पावणेदोनशे किलोमीटरचा रस्ता डोंगर फोडून काढला गेला. दंतकच्या कामांत आजवर हजाराहून अधिक माणसांचा जीव गेला. दरडी, दऱ्या, थंडी. ही माणसं बहुतेक गरीब घरातली होती आणि अर्थसंकल्पाच्या कोणत्याही कोष्टकात त्यांची नोंद नसते. मदतीचा हिशेब मांडताना मला पहिल्यांदा तीच आठवतात.

तुमच्या पहिल्या दोन पंचवार्षिक योजनांचा, म्हणजे १९६१ ते १९७१ या दहा वर्षांचा सगळा खर्च भारताने उचलला. त्या काळात योजना बनवायलाही आमचीच माणसं येत होती. तरीही तुमचे तिसरे राजे जिग्मे दोर्जी वांगचुक यांनी एक गोष्ट सांभाळली, ती म्हणजे पैसा एका आराखड्यातून येईल आणि तो आराखडा हळूहळू आपल्या हातात घेतला जाईल. रस्ता, शाळा, दवाखाना, मग वीज, असा क्रम लागला. त्याचबरोबर तुम्ही दुसरी दारं उघडत गेलात: १९६२ मध्ये कोलंबो योजना, १९६९ मध्ये जागतिक टपाल संघटना, १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रं. १९४९ च्या तहानुसार परराष्ट्र व्यवहारात भारताच्या सल्ल्याने चालायचं बंधन तुमच्यावर होतं. ज्याचा पूर्ण खर्च शेजारी उचलतो आहे, त्या देशाने त्याच शेजाऱ्याच्या साथीने जगाच्या सभागृहात स्वतःची खुर्ची मिळवली, हे मला विलक्षण वाटतं. २००७ मध्ये तहातलं ते सल्ल्याचं कलमही गेलं.

मोठं वळण आलं ते चुखा जलविद्युत प्रकल्पाने. १९७४ मध्ये करार झाला आणि १९८६ ते ८८ या काळात ३३६ मेगावॅटची जनित्रं फिरू लागली. खर्चाचा ६० टक्के भाग अनुदान, ४० टक्के कर्ज आणि व्याज ५ टक्के. तयार झालेला प्रकल्प तुमच्या मालकीचा, तुमच्या गरजेपेक्षा जास्त झालेली वीज आम्ही विकत घ्यायची. कर्ज फिटलं, वीज वाहत राहिली आणि सरकारच्या तिजोरीत दरवर्षी स्वतःचा म्हणता येईल असा पैसा जमू लागला. शाळा आणि उपचार मोफत देणं त्याच पैशाने शक्य झालं. परकीय मदत कशी असावी असं मला कुणी विचारलं, तर मी चुखा दाखवीन. ताला प्रकल्पाच्या १,०२० मेगावॅटनेही तेच केलं. २००७ मध्ये तुमच्या अर्थव्यवस्थेची वाढ पंधरा टक्क्यांच्या पुढे गेली ती तालाच्या जोरावर.

पण पुढच्या प्रकल्पांत अटी उलटल्या. पुनात्सांगछू-१ ला ४० टक्के अनुदान आणि ६० टक्के कर्ज. पुनात्सांगछू-२ आणि मांगदेछूला ३० टक्के अनुदान, ७० टक्के कर्ज. व्याज १० टक्के. तेच दोन मित्र, तशाच नद्या, आणि करारातलं माप मात्र बदललेलं. २०१३ च्या जुलैमध्ये पुनात्सांगछू-१ च्या धरणाच्या जागी उजव्या तीरावरचा डोंगर खचला. साडेतीन हजार कोटींचा प्रकल्प नऊ हजार कोटींच्या पुढे गेला आणि धरण अजून उभं राहायचं आहे. डोंगर खचला तो भूतानमध्ये. त्या जागेची पाहणी, आराखडा, सल्ला आणि बांधकाम यांत भारतीय संस्था होत्या. वाढलेल्या खर्चावरचं व्याज मात्र तुमच्या पुस्तकात चढत राहिलं. हे मला न्याय्य वाटत नाही आणि आमच्याकडे यावर कुणी फारसं बोलत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते आहे.

त्याच जुलै महिन्यात आणखी एक गोष्ट घडली. तुमच्या दुसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीला दोन आठवडे उरले असताना आमच्या सरकारने स्वयंपाकाच्या गॅसवरची आणि रॉकेलवरची सवलत बंद केली. पंचवार्षिक योजनेची मुदत जूनअखेर संपली, नवा करार व्हायचा होता, असं कारण दिलं गेलं. कागदावर ते खरंही असेल. पण तुमच्या तेव्हाच्या पंतप्रधानांनी वर्षभरापूर्वी रिओमध्ये चीनच्या पंतप्रधानांची भेट घेतली होती, आणि थिंफूतल्या बाईला एकाएकी सिलिंडरसाठी दुपटीहून अधिक पैसे मोजावे लागले. सत्ताधारी पक्ष हरला, सवलत परत सुरू झाली. लोकांनी आपल्या मनाने मत दिलं की चुलीकडे बघून दिलं, हे आता कुणीच खात्रीने सांगू शकणार नाही, आणि तो संशय आम्ही तुमच्या कोवळ्या लोकशाहीला दिला. पन्नास वर्षं मेहनतीने कमावलेला विश्वास असा एका महिन्यात खर्च करायचा नसतो.

तरीही माझ्या मोजपट्टीवर तुम्ही बरेच उजवे ठरता. बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांच्यातल्या मोटार वाहन कराराला भारताचा मोठा आग्रह होता. २०१६ मध्ये तुमच्या राष्ट्रीय परिषदेने तो नाकारला. आपल्या अरुंद रस्त्यांवर आणि जंगलांवर परक्या ट्रकांचा भार नको, लहान वाहतूकदारांचं पोट जायला नको, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आमच्याकडून रोष आला नाही, मदत थांबली नाही. उलट २०२४ च्या मार्चमध्ये तेराव्या योजनेसाठी १० हजार कोटी रुपये जाहीर झाले, बाराव्या योजनेच्या दुपटीहून जास्त. त्या रकमेचा काही भाग 'प्रोग्रॅम ग्रांट' म्हणून थेट तुमच्या सरकारच्या हाती पडतो आणि कुठे खर्चायचा ते तुम्ही ठरवता. हेच मला मोलाचं वाटतं.

एका गोष्टीवर मात्र मी तुम्हालाही सोडू शकत नाही. १९९० च्या सुमारास तुमच्या दक्षिणेकडचे नेपाळी भाषक ल्होत्शाम्पा लोक देशोधडीला लागले. एक लाखाहून अधिक माणसं आमच्या भूमीवरून वाट काढत पूर्व नेपाळच्या छावण्यांत गेली आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिली. पुढे बहुतेकांना अमेरिकेने आणि इतर देशांनी आसरा दिला. तुमचा सगळ्यात मोठा मदतदार या काळात गप्प राहिला. देणारा घेणाऱ्याच्या घरात ढवळाढवळ करत नाही, हे तत्त्व चांगलंच आहे. पण गॅसची सवलत बंद करताना ते आम्हाला आठवलं नाही आणि एक लाख माणसं बेघर होताना नेमकं आठवलं.

मालदीव, आता तुमच्याकडे वळते.

तुमच्या गोष्टीत एकच देणारा कधी नव्हताच. १९६५ मध्ये तुम्ही स्वतंत्र झालात तेव्हा अड्डूच्या गान बेटावर ब्रिटिश हवाई दलाचा तळ होता. १९७६ मध्ये ते निघून गेले. भाडं गेलं, शेकडो लोकांचे रोजगार गेले. पुढच्याच वर्षी सोव्हिएत युनियनने गान भाड्याने मागितलं आणि वर्षाला दहा लाख डॉलर देऊ केले. मासे हीच मुख्य निर्यात असलेल्या, पर्यटनाची नुकती सुरुवात झालेल्या देशाला ही रक्कम केवढी होती! राष्ट्राध्यक्ष इब्राहिम नासिर यांनी नकार दिला. नासिर यांच्या कारभाराबद्दल तुमच्याकडे दोन मतं आहेत, तरी हा नकार तुमच्या शाळकरी मुलांनी पाठ करावा असा आहे.

तुम्हाला मिळालेल्या मदतीचा मोठा भाग संकटाच्या वेळी आला. १९८७ मध्ये मोठ्या लाटांनी माले बुडवली, त्यानंतर जपानने शहराभोवती समुद्राची भिंत बांधायला घेतली. एकेका बाजूने करत ते काम २००२ पर्यंत चाललं आणि ते अनुदानातून झालं. दोनच वर्षांनी, २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली, तेव्हा त्या भिंतीने मालेचा मोठा घात टाळला. जपानने त्या भिंतीवर व्याज लावलं नाही आणि तळही मागितला नाही. २०११ मध्ये जपानमध्ये त्सुनामी आली, तेव्हा तुम्ही ट्यूना माशाचे लाखो डबे तिकडे पाठवलेत. कित्येक डबे सामान्य लोकांनी आपल्या पदरचे दिले. मदत दोन्ही दिशांनी वाहू शकते, हे इतक्या सरळपणे कुणी दाखवल्याचं मला माहीत नाही.

त्सुनामीच्या आधी सहा दिवस, २० डिसेंबर २००४ ला, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तुम्हाला अतिअविकसित देशांच्या यादीतून वर काढायचा ठराव केला होता. कागदावर तुम्ही श्रीमंत झालात आणि आठवडा उलटायच्या आत वार्षिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त किमतीचं नुकसान समुद्राने केलं. ठराव लांबणीवर टाकावा लागला. तुम्ही यादीतून बाहेर पडलात ते १ जानेवारी २०११ ला. माणशी उत्पन्नावरून कुणाला मदतीची गरज आहे हे ठरवणारी पद्धत किती अपुरी आहे, याचा यापेक्षा ठळक पुरावा नसेल. रिसॉर्टमधल्या डॉलरांनी सरासरी वर जाते, पण बेट बुडायचं थांबत नाही.

आमची मदतही तुमच्याकडे बहुधा संकटातच धावली. ३ नोव्हेंबर १९८८ ला भाडोत्री सैनिकांनी मालेवर कब्जा करायचा प्रयत्न केला, तेव्हा काही तासांत आमचे पॅराट्रूपर आग्र्याहून उडाले. २०१४ च्या डिसेंबरमध्ये मालेच्या खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करणाऱ्या प्रकल्पात आग लागली, तेव्हा विमानं आणि जहाजं पिण्याचं पाणी घेऊन आली. शहरातलं इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय आमच्या मदतीने उभं राहिलं. दूरच्या बेटावरच्या आजारी माणसाला मालेला आणणारी हेलिकॉप्टरं आणि डॉर्निअर विमान आम्ही दिलं.

या सगळ्याबद्दल तुमच्या लोकांच्या मनात कृतज्ञता नाही, असं मला वाटत नाही. अडचण वेगळी आहे. संकटातली मदत जीव वाचवते. चुख्यासारखी कमाई तिच्यातून उभी राहत नाही. तुमची कमाई, म्हणजे १९७२ मध्ये कुरुंबा रिसॉर्टपासून सुरू झालेलं पर्यटन, परकीय मदतीतून आलंच नाही. ते खाजगी धाडसातून आलं. त्यामुळे मदतीला तुमच्याकडे योजनेत ठरलेली जागा मिळाली नाही आणि दर पाच वर्षांनी सरकार बदललं की मदतीची दिशाही बदलत गेली.

२०१४ मध्ये चीनचे राष्ट्राध्यक्ष मालेला येऊन गेले आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये माले ते विमानतळाचं बेट हुलहुले हा पूल खुला झाला. वीस कोटी डॉलरांच्या घरातला खर्च, त्यात मोठा वाटा चीनच्या अनुदानाचा आणि बाकी बहुतेक चीनचंच कर्ज. आमच्याकडे त्या पुलाबद्दल फक्त शंकेने बोललं जातं. पण विमानतळाला जायला बोटीची वाट पाहणाऱ्या, एकमेकांना खेटून राहणाऱ्या मालेकरांसाठी तो पूल काय आहे, हे मुंबईच्या माणसाला तरी समजायला हवं. पूल चांगलाच आहे. काळजी त्याच्या आजूबाजूने घेतलेल्या, सरकारी हमीवरच्या कर्जांची होती. ती किती आहेत यावरून तुमचे माजी राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नाशीद आणि चीनचे राजदूत यांच्यात जाहीर वाद झाला. आपण किती देणं लागतो हेच एका देशाच्या नागरिकांना ठाऊक नसेल, तर पुढच्या सावकाराला नकार कशाच्या जोरावर द्यायचा?

मग २०१८ अखेरीस सरकार बदललं आणि आम्ही १.४ अब्ज डॉलर जाहीर केले. आमच्या वर्तमानपत्रांनी 'मालदीवला भरघोस मदत' असे मथळे दिले. त्या रकमेत अर्थसंकल्पाला आधार होता, चलन-अदलाबदल होती आणि सवलतीचं कर्ज होतं, म्हणजे बराचसा पैसा परत करायचा होता. २०२० मध्ये माले, विलिंगिली, गुल्हीफाल्हू आणि थिलाफुशी जोडणाऱ्या पावणेसात किलोमीटरच्या थिलामाले पुलासाठी ५० कोटी डॉलर जाहीर झाले. त्यातले १० कोटी अनुदान आणि ४० कोटी कर्ज. कर्ज देणारी एक्झिम बँक मुंबईची आणि कंत्राट मिळालेली अ‍ॅफकॉन्स कंपनीही मुंबईची. अशा कर्जांच्या नियमांत साधारण ७५ टक्के माल आणि सेवा भारतातून घ्यायची अट असते. त्यामुळे बराच पैसा एका भारतीय खात्यातून दुसऱ्या भारतीय खात्यात जातो आणि हप्ता तुमच्या नावावर उरतो. यात लबाडी नाही, चीन आणि जपानही असंच करतात. पण 'आम्ही एवढं दिलं' असं छाती फुगवून म्हणणाऱ्या आमच्या बांधवांनी ही वाट एकदा नकाशावर बोट ठेवून पाहावी.

पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या योजना ३४ बेटांवर हाती घेतल्या गेल्या, त्यासाठी ८० कोटी डॉलरांच्या कर्जमर्यादेतला पैसा वापरला गेला. मला हे काम पुलाहून मोठं वाटतं. भूजल खारट झालेल्या बेटावर नळाला गोडं पाणी आलं, तर तिथल्या तरुणाला मालेच्या खुराड्यात राहायला यायची सक्ती उरत नाही. पण खांबांचे फोटो छापून येतात, जमिनीखालच्या नळाचे येत नाहीत.

तुमच्याकडे 'इंडिया आउट' ही मोहीम निघाली तेव्हा इथे अनेकांना धक्का बसला. मला तिच्यातला द्वेष पटला नाही, पण मूळ मागणी समजली. आपल्या भूमीवर परदेशी गणवेश नको, असं म्हणायचा हक्क गान नाकारणाऱ्या देशाला आहेच. राष्ट्राध्यक्ष मोहम्मद मुइझ्झू यांनी ती हेलिकॉप्टरं आणि विमान सांभाळणारे आमचे सैनिक परत न्यायला सांगितले, १० मे २०२४ पर्यंत ते परत आले आणि त्यांच्या जागी मुलकी तंत्रज्ञ गेले. हेलिकॉप्टरं उडत राहिली. आमच्या सरकारने त्या वर्षी ट्रेझरी बिलांना मुदतवाढ दिली, ऑक्टोबरमध्ये ४० कोटी डॉलर आणि ३ हजार कोटी रुपयांची चलन-अदलाबदल केली, आणि २०२५ च्या जुलैमध्ये तुमच्या स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्धापनदिनी ४,८५० कोटींची नवी कर्जमर्यादा दिली, पहिल्यांदाच रुपयांत. शिवाय जुन्या कर्जांचा वार्षिक हप्ता चाळीस टक्क्यांनी कमी केला. सरकार म्हणून आम्ही तुमचा नकार पचवला.

समाज म्हणून पचवला नाही. जानेवारी २०२४ मध्ये तुमच्या तीन उपमंत्र्यांनी आमच्या पंतप्रधानांबद्दल अशोभनीय लिहिलं. तुमच्या सरकारने त्यांना निलंबित केलं, तिथे ते संपायला हवं होतं. त्याऐवजी आमच्याकडे बहिष्काराची लाट उठली आणि तिची झळ बेटांवरच्या अतिथीगृहात चादरी बदलणाऱ्या माणसापर्यंत गेली. 'आमच्या मदतीवर जगता' हे वाक्य त्या दिवसांत लाखो वेळा लिहिलं गेलं. मदत देणाऱ्याने उच्चारावं असं यापेक्षा हलकं वाक्य नाही. मला त्याची लाज वाटते.

तुम्हा दोघांना जोडणारा एक धागा मदतीच्या तक्त्यांत कुठे दिसत नाही. १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये भूतानच्या लुनाना भागात लुग्ये त्शो हे हिमतळं फुटलं आणि पुनाखाच्या खोऱ्यात माणसं वाहून गेली. शेजारचं थोरथोर्मी तळंही फुटायच्या बेतात होतं. त्याची पातळी उतरवायला २००९ पासून पुढचे काही उन्हाळे शेकडो माणसं कित्येक दिवस चालत वर गेली, गोठणाऱ्या पाण्यात उभी राहिली आणि हातांनी दगड उपसून पाण्याला वाट करून दिली. त्या कामाला जागतिक पर्यावरण निधीचा पैसा होता. वर बर्फ वितळतं तेच खाली समुद्र चढवतं. थोरथोर्मीची ती वाट आणि मालेची भिंत, दोन्हींची गरज इतरांच्या धुराने निर्माण केली. अशा कामांच्या पैशाला मदत म्हणणं मला खटकतं, ते देणं आहे. आणि ते देणं तुमच्या खात्यात कर्ज म्हणून चढवायला कुणी सुचवलं, मग तो आमचा देश असो की दुसरा, तर तुम्ही सरळ नकार द्यावा.

आता माझी एक विनंती आहे. तुम्ही दोघं सार्कचे सदस्य आहात, पण सावकारांशी एकेकटे बोलता. भूतान, तुम्ही १३ डिसेंबर २०२३ ला अतिअविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडलात. मालदीव त्या वाटेने जवळजवळ तेरा वर्षं आधी गेला आहे. सवलती संपल्यावर युरोपच्या बाजारात त्याच्या माशांवर जकात लागली आणि ती पोकळी भरायला काय करावं लागलं, हे मालेचे अधिकारी तुम्हाला कोणत्याही सल्लागार कंपनीपेक्षा नीट सांगतील. मालदीव, डॉलरमधली कर्जं फेडताना तुमची दमछाक होते आहे. २०१२ मध्ये भारतीय रुपयांचा साठा संपला तेव्हा थिंफूने वाहनांची आयात थांबवली, कर्जवाटप आवळलं आणि सावरलं, ते कसं हे तिथे जाऊन विचारा. चुख्याचा करार मागून घ्या, पुनात्सांगछूचाही घ्या आणि दोन्हींतल्या अटी शेजारी ठेवून वाचा. थिलामाले पूल पूर्ण झाल्यावर त्याच्या टोलमधून, त्याच्यामुळे मोकळ्या होणाऱ्या जमिनीतून कर्जाचा हप्ता निघेल का, याचं गणित तुमच्या संसदेत, मजलिसमध्ये, उघडपणे मांडा. आमच्या एक्झिम बँकेकडून पुढची कर्जमर्यादा घ्यायच्या आधी मांडा. व्याज जास्त वाटलं तर तसं सांगा, भारतीय मालाची अट सैल करून मागा. भूतानने पुनात्सांगछू-१ च्या वाढीव खर्चाचा वाटा भारताने उचलावा अशी मागणी केली, तर माझ्यासारख्या इथल्या काही करदात्यांचा तिला पाठिंबा असेल, आणि तो आम्ही आमच्या खासदारांना लिहून कळवू.

तुमची,
एक भारतीय नागरिक
मुंबई